रोजचा आकडा बेचाळीस

५ जानेवारी १९४७, रविवार. दुपारी.

हेमचंद्रनं वही सुरू केली म्हणून मीही केली. त्याच्या वहीत आकडे, माझ्या वहीत मी. लिहिणार सुनीती, म्हणजे त्याची बायको, माझी नातसून. सांगणार मी. मला अक्षर येत नाही, त्यामुळे निदान माझ्यापासून तरी ही वही सुरक्षित आहे. दुसऱ्या कोणी वाचायची नाही, अशी सुनीतीला शपथ घातली. रोज संध्याकाळी तिनं मला वाचून दाखवायचं आणि मी बरोबर म्हणायचं.

विषय असा. आमच्या कर्जतच्या घराच्या परसात आठ लांबट पेट्या आहेत, खालापूरच्या सुताराकडून करून आणलेल्या, आतून डांबर लावलेल्या. त्यांत माती नाही. नदीतली बारीक खडी, आणि खडीत टोमॅटोची झाडं. दिवाळीनंतर लावली, आता गुडघ्याला लागलीत. खाणं म्हणजे पाण्यात विरघळवलेले कसले कसले क्षार. ते पाणी टाकीत, टाकीतून पेट्यांत, पेट्यांतून परत टाकीत. लढाईत अमेरिकन लोकांनी म्हणे ओसाड बेटांवर अशीच भाजी पिकवली. आमचा दूधवाला पोशा कडावहून येतो तो रोज पेट्यांपाशी थांबून मान हलवतो. म्हणतो, "माती नाय, शेण नाय, मंग झाड खातंय काय?" मी म्हटलं, रेशन.

पाण्यात क्षार किती झाले ते कळायला हेमचंद्रनं मुंबईच्या लिलावातून लष्करातलं एक यंत्र आणलंय. पाण्यातून वीज किती जाते ते सांगतं. क्षार जास्त तर वीज जास्त. एवढं मला एका दमात समजलं.

आता मुद्दा. हेमचंद्र मुंबईला रंगाच्या कारखान्यात आहे. सोमवारी जातो, शनिवारी येतो. कारखाना त्याला कायमचा कानपूरला धाडायला निघालाय. हो की नाही ते होळीपर्यंत कळवायचं. त्याआधी तेवीस फेब्रुवारीला माथेरानच्या एका हॉटेलचे मॅनेजर टोमॅटो बघायला येणार आहेत. त्यांनी सीझनभर माल घ्यायचं कबूल केलं तर हेमचंद्र नोकरी सोडून इथेच राहणार. नाहीतर ती दोघं कानपूरला, आणि मी इथे पोशाच्या म्हशीची खुशाली विचारत.

तेव्हा आठवडाभर यंत्र कोणी बघायचं, हा प्रश्नच नाही. नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते. पन्नास वर्षं मी न चाखता मीठ घातलंय. चुकलं एकदाच, आणि तेव्हा मीठ ओलं होतं.

५ जानेवारी, संध्याकाळी.

हेमचंद्रनं यंत्र शिकवलं. लाकडी पेटी, आत बॅटरी, वर एक चकती. एका वायरीला काचेची नळी, तिच्यात दोन काळ्या पट्ट्या. ती पाण्यात बुडवायची. दुसऱ्या वायरीला कानावर चढवायची दोन झाकणं. त्यांत गूं असा आवाज येतो. चकती फिरवत जायची. पाण्याचा जो खरा आकडा असेल तिथे आवाज बंद पडतो, पुढे गेलं की पुन्हा सुरू. आवाज बंद पडला की थांबायचं आणि सुनीतीनं आकडा वाचायचा.

आधी नळी एका बाटलीतल्या पाण्यात घालायची. ते मापाचं पाणी, त्याचा आकडा पन्नास हे ठरलेलं. पन्नासावर शांत झालं नाही तर बाजूचा स्क्रू पिळून यंत्र सुधारायचं. मगच टाकी मोजायची. टाकीला बेचाळीस हवेत. जास्त भरले तर विहिरीचं साधं पाणी घालायचं, कमी भरले तर पिंपात कालवून ठेवलेलं क्षारांचं दाट, खारं पाणी.

हेमचंद्रला जागा सापडायला दहा मिनिटं लागली. डोळे मिटून, ओठ चावून. मग मी कानाला लावलं. मला लगेच सापडली.

६ जानेवारी, सोमवार.

पहिलं रीडिंग. बाटलीच्या पाण्यात मी एकतीसवर थांबले. सुनीतीच्या चेहऱ्यावरून कळलं की पन्नास हवेत. पन्नासावर नेलं. तिथेही शांत. स्क्रूला हात लावावा लागला नाही. यंत्र उत्तम आहे.

टाकी: बेचाळीस. तिथेही शांत. हेमचंद्र उगीच दहा मिनिटं घालवतो.

संकल्प: रोज सकाळी देवपूजा झाली की यंत्र. कोणाला हात लावू द्यायचा नाही.

सुनीतीनं वाचून दाखवलं. बरोबर आहे.

८ जानेवारी, बुधवार.

बेचाळीस. झाडं वाढत्या अंगाची आहेत. आकडा बरोबर असला म्हणून पोराला दुसरी पोळी वाढायची नाही असं होत नाही. पिंपातलं खारं पाणी दोन तांबे जास्त घातलं.

हल्ली एक गोष्ट ध्यानात येते. लढाईनंतर लोक फार हळू बोलायला लागलेत. खाणं नीट नाही, आवाज कुठून फुटणार. देवळातल्या घंटेचा लोलकही झिजलाय, पुजाऱ्याला सांगितलं पाहिजे. आणि घाटात चढणाऱ्या गाडीला पूर्वी कर्जत स्टेशनात काय शिट्टी असायची. आता विजेची इंजिनं, त्यांना गळाच नाही.

९ जानेवारी, गुरुवार.

आज यंत्राची सेवा केली. काचेच्या नळीतल्या त्या दोन पट्ट्या, काळ्याकुट्ट, काजळी धरल्यासारख्या. लष्करातल्या लोकांना भांडं घासायला कोण शिकवणार. चिंचेचा कोळ आणि रांगोळीसारखी चाळलेली राख, बोटाला फडकं गुंडाळून आत घातलं आणि सावकाश घासल्या. खालून चांदीसारख्या निघाल्या. तोंड दिसेल.

मी घासत होते तेव्हा सुनीती दारात उभी राहून हात हलवत होती. बहुतेक माश्या होत्या.

हे हेमचंद्रला सांगायचं नाही. केलेलं काम बोलून दाखवायची मला सवय नाही.

१२ जानेवारी, रविवार.

मोठा दिवस.

हेमचंद्र सकाळी यंत्र लावून बसला. अर्धा तास झाला, जागा सापडेना. म्हणाला, कुठेही नेलं तरी गूं थांबतच नाही, नुसतं कमीजास्त होतं. स्क्रू पिळला, वायरी पुसल्या, बॅटरी हलवून पाहिली. घामाघूम. लिलावात फसलो म्हणाला.

मी म्हटलं, दे इकडे. कानाला लावलं, चकती फिरवली, थांबले. सुनीतीनं वाचलं, पन्नास. हेमचंद्रचा विश्वास बसेना. त्यानं चकती गरागरा फिरवून पुन्हा दिली. पुन्हा पन्नास. मग टाकीत. बेचाळीस.

आता ही वही माझी एकटीची, म्हणून सांगते. पन्नासापाशी चकतीच्या कडेचा टवका उडालाय आणि बेचाळीस त्याच्या दोन बोटं अलीकडे. हाताला सवय झालीय. पण आवाज तिथे बंद होता हे खरंच आहे. मी खोटं कशाला सांगू.

हेमचंद्र माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आजी, यंत्र म्हातारं झालंय, तुझे कान नाही." सुनीतीला बजावलं की आजी सांगेल तोच आकडा लिहायचा, वाद घालायचा नाही. सुनीती पदराशी चाळा करत होती. मत्सर वाटणारच. वय लहान आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

बेचाळीस. सणाचा दिवस. सगळ्यांना तिळगूळ, झाडांना चार तांबे.

२२ जानेवारी, बुधवार.

बेचाळीस. पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्यात, तव्यावर राहिलेल्या पोळीसारख्या. थंडी आहे. शिवाय येणारा-जाणारा पेट्यांकडे बघतो, म्हणजे दृष्टही आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. टाकीत नाही टाकल्या, मला तेवढं कळतं.

सुनीतीनं आज दोनदा लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही.

२६ जानेवारी, रविवार.

हेमचंद्रनं पानं उलटीपालटी करून पाहिली. पुस्तक काढलं. पानाची कड करपते म्हणजे पोटॅश कमी पडतं, असं त्यात आहे म्हणाला. क्षार जास्त झाले तरी कड करपते, पण ते शक्य नाही, कारण आकडा रोज बेचाळीस. मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यानं टाकीत पोटॅश घातलं. आजी-नातवाचं असं एकमत असलं की काम कसं सोपं होतं.

संकल्प: झाडं सुधारेपर्यंत तांब्यांची संख्या कमी करायची नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.

आठ पेट्यांपैकी तीन पेट्यांतली झाडं बसली. म्हणजे खरोखर बसली, दमल्यासारखी. हेमचंद्रनं ती उपटली. थोडं जास्तच घाईनं.

बाकीच्यांना फळं धरलीत. लहान आहेत. पोशा वाकून म्हणाला, "आजी, ही टमाटी हायत का बोरं?" हे त्यानं दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा तोंडाशी हात धरून. पोशाही हल्ली पुटपुटतो.

१० फेब्रुवारी, सोमवार.

आणखी तीन पेट्या गेल्या. दोन उरल्या. मी पूर्वीच म्हणाले होते की आठ जास्त होतात. कधी म्हणाले ते सुनीतीला वहीत सापडलं नाही. तिनं नीट लिहून घेतलं नसणार.

हेमचंद्र काल अर्ध्या पानावरून उठला. सुनीतीनं ट्रंक उन्हात टाकली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, कसर लागते. कानपूरच्या बाजूला फार कसर असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

हेमचंद्र पहाटेच गेला. पूजा आटोपून मी यंत्रापाशी आले तर सुनीती शेजारी उभी राहून काहीतरी सांगत होती. मी हो हो म्हटलं. लहान माणसाला बोलू द्यावं.

पन्नास. बेचाळीस. आज तर यंत्र नेहमीपेक्षाही शांत वाटलं.

१८ ते २१ फेब्रुवारी.

रोज बेचाळीस. एक आकडा असा सात आठवडे टिकवून धरणं, हे मुंबईच्या कारखान्यातही कोणाला जमत नसेल. मॅनेजरनी विचारलं तर मीच सांगेन.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

मॅनेजर आले. टोपी, काठी, पांढरे बूट. सहा रिकाम्या पेट्या बघून त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग हेमचंद्रनं तोंड पाडून दोन पेट्यांतली मूठभर बोरं, म्हणजे टोमॅटो, बशीत घालून पुढे केली.

मॅनेजरनी एक तोंडात टाकला. थांबले. दुसरा टाकला. बशी रिकामी केली. म्हणाले, इतका गोड टोमॅटो त्यांनी बापजन्मी खाल्ला नाही. साहेब लोकांना जेवणाआधी बशीत ठेवायला हाच हवा. एप्रिलपासून दर आठवड्याला दोन टोपल्या. मोठा झाला तर नको, पाणचट झाला तर नको. अगदी असाच.

हे सगळं मला ऐकू आलं. मॅनेजर मोठ्यानं बोलतात. आता अशी माणसं राहिली नाहीत.

मग त्यांनी विचारलं, हा असा दरवेळी जमेल ना? मी पुढे होऊन बेचाळीस म्हणणार, तेवढ्यात हेमचंद्र हसत यंत्राची वही घेऊन आला. पानं उलटली. शेवटच्या पानावर आला आणि हसायचा थांबला. वही मिटली. महिन्याभरात नमुना पाठवतो म्हणाला. मॅनेजर गेले.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी.

हे सांगायला मला वेळ लागतोय. सुनीती, सावकाश लिही.

मॅनेजर फाटकाबाहेर पडल्यावर हेमचंद्रनं सुनीतीपुढे वही धरली. तो ओरडून बोलत होता, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. म्हणाला, यंत्राची बॅटरी गेल्या सोमवारी मी तपासायला मुंबईला नेली होती. काल परत आणली. पाच दिवस यंत्र मुकं होतं, आणि वहीत पाचही दिवस बेचाळीस. तू मनानं लिहीत होतीस. सगळेच आकडे मनाचे. आता टाकीत खरोखर काय आहे ते कोणाला ठाऊक नाही, यंत्रावर भरवसा नाही, हा टोमॅटो पुन्हा माझ्या हातून व्हायचा नाही. उद्या कानपूरला हो म्हणून कळवतो.

सुनीती खाली बघत उभी. अक्षर तिचं, तेव्हा चोरी तिची. तिनं माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. सोमवारी ती मला काय सांगत होती ते आत्ता माझ्या ध्यानात आलं.

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं.

त्या पाच दिवसांची शांतता आणि आधीच्या सगळ्या दिवसांची शांतता मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मला दोन्हींत काही फरक आठवेना.

मी म्हटलं, यंत्र लाव. त्यानं परत आणलेली बॅटरी जोडली, झाकणं माझ्या कानावर चढवली. तो आणि सुनीती, दोघंही झाकणांकडे बघायला लागले. म्हणजे त्यांना लांबूनही आवाज येत होता. मी चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"तिनं मनाचं काही लिहिलं नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं ते लिहिलं. मला हे यंत्र कधी वाजलेलंच ऐकू आलं नाही, बाळा."

हेमचंद्र खाली बसला. मग म्हणाला, पण तुझा पन्नास बरोबर यायचा. मी चकतीचा टवका दाखवला. आता सांगायलाच बसले होते, म्हणून चिंच आणि राखही सांगितली.

तो उठून यंत्रापाशी आला. मग त्यानं नळी उजेडाला धरली. त्या पट्ट्या काजळलेल्या नव्हत्या म्हणे. प्लॅटिनमची काळी परत मुद्दाम चढवलेली असते, तिच्यामुळेच आवाज स्वच्छ बंद होतो. मी घासून काढली आणि त्या दिवसापासून यंत्र बिघडलं. म्हणजे यंत्रात काही खोट नव्हती. हे म्हणताना त्याचा चेहरा एकदम बदलला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती परत पुन्हा चढवता येते. आणि टाकीतलं पाणी अजून तेच आहे, साखरेसारखे टोमॅटो देणारं. ते बाटलीत भरून ठेवलं की नळी दुरुस्त झाल्यावर त्याचा आकडा मिळेल.

त्यानं स्वतः बाटली भरली, बूच मारलं आणि कपाटात कुलूपबंद केली. किल्ली सुनीतीकडे दिली. माझ्याकडे न बघता.

मग सुनीतीपाशी जाऊन काहीतरी म्हणाला. हळू बोलला. ते मला ऐकायचंही नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

सुनीतीला विचारलं, तुला केव्हापासून माहीत होतं? तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, लग्न होऊन आले त्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तीनदा बोलले, तुम्ही तीनदा हो हो म्हणालात.

पोशाला विचारलं. त्याला चार वर्षांपासून. पुजाऱ्याला विचारलं. घंटेचा लोलक नवा आहे.

सगळ्या कर्जतमध्ये ही बातमी मलाच सगळ्यात शेवटी कळली.

१ मार्च, शनिवार.

हेमचंद्र दुरुस्त नळी घेऊन आला. पट्ट्या पुन्हा काळ्या. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मापाचं पाणी पन्नास. त्याला जागा सापडायला दहा मिनिटं लागली, ती मला या वेळी लांब वाटली नाहीत.

मग कपाटातली बाटली. एक्क्याण्णव.

बेचाळीसच्या दुप्पट, वर सात. इतक्या खारात झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून फळ लहान राहतं आणि गोडी सगळी त्यात गोळा होते, असं हेमचंद्रनं कागदावर काढून दाखवलं. मी म्हटलं, म्हणजे माझ्याच हाताची चव. तो म्हणाला, सहा पेट्या मारल्यास, आजी. मी म्हटलं, दोन जगवल्या. एकमत पूर्वीसारखं राहिलं नाही.

आता आधी झाडं बेचाळीसवर वाढवायची, फळ धरलं की हळूहळू चढवायचं, रोज मोजून. मोजणार सुनीती. कानपूरला नाही म्हणून पत्र गेलं. सुनीतीनं ट्रंक माळ्यावर टाकली. टाकताना तिला वाईट वाटलं की बरं, ते मी विचारलं. तिनं सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा सांग म्हणायचा धीर झाला नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी.

मला यंत्रापाशी जायला बंदी. टाकीपाशी जायला बंदी. चिंचेची बरणी वरच्या फळीवर गेलीय.

संकल्प: आता या वहीत खरं काय ते लिहिलंय हे एकदा नीट ऐकायचं. दोन महिने सुनीती रोज वाचून दाखवत होती, तिचे ओठ हलायचे थांबले की मी बरोबर म्हणत होते. रॉकेलचं मोठं नरसाळं राखेनं घासून घेतलं. निमुळतं टोक माझ्या कानात, तोंड सुनीतीकडे. ओटीवर बसलो. पाच जानेवारीपासून सुरुवात.

तिचा आवाज चांगला आहे, मला माहीत नव्हतं. मात्र नरसाळ्यातूनही तिला ओरडावं लागतं. बारा जानेवारीला आलो तेव्हा समोरच्या घरातली माणसं अंगणात येऊन बसली होती. संक्रांतीला आणखी दोघीतिघी आल्या, एक तर सूप घेऊन, पाखडत पाखडत. दुसऱ्या कोणी वाचायची नाही अशी शपथ होती. ती कोणी मोडली नाही. वाचत सुनीतीच होती.

फाटकात पोशा दुधाचं भांडं घेऊन उभा. तो मध्येच काहीतरी म्हणाला. सुनीतीनं ते नरसाळ्यातून माझ्यापर्यंत पोचवलं.

"आजी, ते चिंचेचं परत वाचाय सांगा. गाडीनं शिट्टी मारली, मला नाय ऐकू आलं."

मी सुनीतीला म्हटलं, वाच गं पुन्हा. पोशाला हल्ली कमी ऐकू येतं.